मला समजलेले चेशायरसाहेब



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी कोणातरी थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दुधाचा हिशेब आणि वाणसामानाची यादी सोडली तर हातात लेखणी धरायची मला सवय नाही. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर लिहिणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या पंक्तीला मी कशी बसणार? पण घरी येऊन कणीक मळता मळता वाटले, की एका माणसाविषयी मला लिहिता येईल. तो आपल्या देशाचा नव्हे, आपल्या धर्माचाही नव्हे. पेशाने लढाईतला वैमानिक, रात्रीच्या अंधारात शत्रूच्या गावांवर बाँब टाकणारा. तरीही माझ्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस होते त्या दिवसांत, ह्या परक्या माणसाच्या गोष्टीने मला हात दिला. त्यांचे नाव लेनर्ड चेशायर.

नाव वाचून काही जणींना आठवले असेल. आपल्या अंधेरीत महाकाली गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेशायर होम म्हणून एक संस्था आहे. लग्न होऊन ह्या भागात आल्यापासून मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेले असेन. चेशायर हे एखाद्या औषधाच्या कंपनीचे नाव असावे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती! ते एका माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस स्वतः येथे येऊन हे काम सुरू करून गेला, हे मला फार उशिरा कळले.

ते कसे कळले, तेही सांगते. आमच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. बोलणे बोबडे झाले. इस्पितळात सोळा दिवस ठेवले. पुढे तेथील मंडळींनी सांगितले, की आता करण्यासारखे काही उरले नाही, खाट दुसऱ्या रुग्णाला हवी आहे, आजींना घरी न्या. त्यांचेही खरेच होते. पण आमच्या दोन खोल्यांत, वरच्या मजल्यावर, त्यांना आणल्यावर पुढे काय करावयाचे हे कोणीच सांगितले नव्हते. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचे, अंथरुणातच सर्व विधी कसे उरकायचे, हे सगळे मी चुकत चुकत शिकले.

त्याच वर्षी आमच्या मुलीला कॉलेजातून आपल्या भागातील संस्थांची माहिती लिहून आणायला सांगितले होते. तिने चेशायर होम निवडले. ती वाचनालयातून इंग्रजी पुस्तके आणायची, रात्री जेवणे झाली की सासूबाईंच्या खाटेशी बसायची आणि वाचलेले मराठीत सांगायची. मी भांडी घासता घासता ऐके, सासूबाई पडल्या पडल्या ऐकत. तिच्या तोंडून जे ऐकले तेच येथे माझ्या शब्दांत लिहिते आहे.

लेनर्ड चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. वडील कायद्याचे नामांकित प्राध्यापक होते आणि घर ऑक्सफर्डजवळ होते. लेनर्डही ऑक्सफर्डला कायदाच शिकले, पण त्यांचे लक्ष पुस्तकांत फारसे नव्हते. जोरात मोटार हाकावी, पैसा उडवावा, चारचौघांत मिरवावे, असा तो तरुण होता. एकदा तर मित्राशी पैज मारून, खिशात जेमतेम दोनचार आणे ठेवून त्याने पॅरिस गाठून दाखवले. १९३६ साली काही दिवस जर्मनीत एका कुटुंबात राहायला गेला असता, हिटलरच्या मेळाव्यात सर्वांनी हात वर करून सलाम केला तेव्हा ह्याने मुद्दाम केला नाही. थोडक्यात, मुलगा हुशार, हट्टी आणि जरासा वाया जाण्याच्या बेतातला. अशी मुले आपल्याही चाळीत असतात. ऑक्सफर्डमध्ये असतानाच विद्यापीठाच्या विमानपथकात तो विमान चालवायला शिकला.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० च्या जूनमध्ये चेशायर बाँबफेकी विमानांच्या पथकात दाखल झाले. ह्या विमानांचे काम रात्री चाले. संध्याकाळी इंग्लंडमधून उडायचे, काळोखात समुद्र ओलांडून जर्मनीवर जायचे, बाँब टाकायचे आणि पहाटेपर्यंत परत यायचे. थंडी एवढी की हातपाय बधिर होत. खालून तोफा डागल्या जात, वर शत्रूची विमाने टपलेली असत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कोलोन शहरावर गेले असताना त्यांच्या विमानावर गोळा फुटला आणि आत ठेवलेल्या उजेडाच्या नळकांड्याने पेट घेतला. विमानाच्या कुशीला मोठे भगदाड पडले आणि बिनतारी यंत्रावरचा सोबती भयंकर भाजला. तशाही स्थितीत, सोबत्यांनी आग विझवल्यावर, चेशायर यांनी ते विमान मायदेशी आणून सुखरूप उतरवले. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षे होते. ह्या कामगिरीबद्दल त्यांना मोठे पदक मिळाले.

मुलीने मला एक आकडा सांगितला. तो ऐकून माझ्या हातातले भांडे तसेच राहिले. ब्रिटनच्या बाँबफेकी दलात त्या युद्धात सुमारे १,२५,००० वैमानिक आणि त्यांचे सोबती होते. त्यांपैकी ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस! बहुतेक विशीतली मुले. प्रत्येकाची आई कोठेतरी दाराकडे डोळे लावून बसलेली असणार. चेशायर यांचा धाकटा भाऊही वैमानिकच होता. १९४१ साली त्याचे विमान पडले आणि तो जर्मनांच्या हाती कैदी म्हणून सापडला. दैव बलवत्तर म्हणून जगला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चेशायर एका पथकाचे प्रमुख झाले. येथे त्यांचा जो गुण दिसतो तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या पथकाची विमाने फार पडत होती. नशिबाला बोल लावून ते गप्प बसले नाहीत. विमान इतके जड आणि मंद का होते, ह्याचा त्यांनी शोध घेतला. पुढच्या आणि पाठीवरच्या तोफांचे बुरूज काढून टाकले, वजन कमी केले आणि विमान हलके केले. जमिनीवर राहून विमाने दुरुस्त करणाऱ्या साध्या कामगारांची नावेही त्यांना तोंडपाठ असत. आपल्या हाताखालचा माणूस का मरतो आहे हे विचारणारा, आणि विचारून हातपाय हलवणारा असा हा अधिकारी होता. १९४३ साली, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी, त्यांना ग्रुप कॅप्टन केले. विमानदलात एवढ्या तरुणपणी त्या हुद्द्यावर कोणी चढले नव्हते. पण त्या हुद्द्याबरोबर टेबलाशी बसायचे काम आले. ते त्यांना रुचेना. त्यांनी आपण होऊन एक पायरी खाली उतरायला मान्यता दिली आणि वर्षअखेरीस ते ६१७ क्रमांकाच्या पथकाचे प्रमुख होऊन पुन्हा उडू लागले. जर्मनीची मोठी धरणे फोडणारे नामांकित पथक ते हेच.

त्या पथकातील एक हकीकत आम्ही दोनदा सांगायला लावली. फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. लिमोज ह्या गावी विमानांची इंजिने बनवणारा कारखाना जर्मनांसाठी चालवला जात होता. तो पाडायचा होता. पण रात्रपाळीला तेथे शेकडो फ्रेंच कामगार होते, आणि त्यांत बहुसंख्य बायका. पोटासाठी कामावर आलेल्या त्या बायकांचा अपराध तो काय? ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री चेशायर आपले एवढे मोठे विमान छपरांना टेकेल इतके खाली घेऊन कारखान्यावरून गेले. एकदा नव्हे, तीनदा. पळा, आता बाँब पडणार, हे सांगायचा दुसरा मार्ग नव्हता. प्रत्येक फेरीला ते स्वतः तोफेच्या तोंडी जात होते. बायकांना बाहेर पडायला वेळ दिल्यानंतरच त्यांनी नेम दाखवणारे पेटते बाँब टाकले आणि मागून आलेल्या विमानांनी कारखाना उडवला. हे ऐकताना सासूबाईंनी चांगला असलेला डावा हात उचलून कपाळाला लावला. कोणाला नमस्कार केला ते मला समजले.

पण त्याच सासूबाईंनी पुढच्या रात्री बोबड्या बोलांत विचारले, की कोलोनला खाली कोण होते? मुलगी क्षणभर गप्प बसली. खाली घरे होती. घरांत बायका, मुले, म्हाताऱ्या होत्या. त्यांच्यासाठी तीन फेऱ्या कोणी मारल्या नव्हत्या. हिटलरचे राज्य किती क्रूर होते हे आपण जाणतो, आणि ते थांबवायलाच हवे होते. तरी हा प्रश्न काही सुटत नाही. माझ्यासारखीला तो सुटणारही नाही. थोर माणसाचे चरित्र लिहिताना अशी गोष्ट झाकून ठेवावी असे मला वाटत नाही, म्हणून लिहिले.

१९४४ च्या जुलैपर्यंत चेशायर यांच्या शंभर मोहिमा झाल्या. पुष्कळांचे आयुष्य दहाव्या-पंधराव्या मोहिमेतच संपे. त्यांना आता उडण्याची मनाई झाली आणि सप्टेंबरात व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा सर्वोच्च मान मिळाला. हा मान बहुधा एखाद्या दिवसाच्या, एखाद्या क्षणाच्या पराक्रमासाठी देतात. चेशायर यांना तो चार वर्षे न थकता दाखवलेल्या धैर्यासाठी मिळाला. हे वाक्य मी मुलीकडून पुन्हा ऐकले. रोज रोज, वर्षानुवर्षे तेच करत राहणे हेसुद्धा शौर्यात धरतात, हे मला नवीनच होते.

युद्धाच्या शेवटी त्यांना फार भयंकर दृश्य पाहावे लागले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने जपानच्या नागासाकी शहरावर अणुबाँब टाकला. तो पाहण्यासाठी ब्रिटनतर्फे दोनच माणसे पाठवली होती, एक शास्त्रज्ञ आणि दुसरे चेशायर. त्यांचे विमान ठरलेल्या ठिकाणी इतर विमानांना भेटू शकले नाही, त्यामुळे त्यांनी तो ढग दुरून पाहिला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत त्या एका बाँबने सुमारे ७०,००० माणसे दगावली. ह्या पश्चात्तापाने चेशायर साधू झाले, असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. बाँबमुळे युद्ध लवकर संपले आणि आणखी मोठा संहार टळला, असेच त्यांचे मत अखेरपर्यंत होते. ते मत आपल्याला पटो न पटो. पण एवढे मात्र झाले, की ज्या शांततेसाठी इतके सोबती मेले त्या शांततेचे आता करायचे काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४६ च्या आरंभी प्रकृती बिघडल्यामुळे त्यांनी विमानदल सोडले. १९४१ साली एका अमेरिकन नटीशी झालेले लग्नही टिकले नव्हते. लढाईहून परतलेल्या शिपायांनी एकत्र राहावे, एकत्र कष्ट करावे, म्हणून त्यांनी एक वसाहत काढली. पुढे त्यासाठी हॅम्पशायर परगण्यातील ल कोर्ट नावाचा आपल्या एका नातलग बाईंचा प्रचंड वाडा घेतला. कल्पना चांगली, पण व्यवहार जमला नाही. भांडणे झाली, कर्ज वाढले, माणसे पांगली. १९४८ साली, वयाच्या तिशीत, छातीवर देशातले सर्वांत मोठे पदक आणि डोक्यावर कर्ज, अशा अवस्थेत हा माणूस त्या रिकाम्या वाड्यात बसला होता.

आणि येथेच खरी गोष्ट सुरू होते. त्या वसाहतीत पूर्वी डुकरे पाळण्याचे काम करणारा आर्थर डाइक्स नावाचा एक माणूस कर्करोगाने इस्पितळात पडला होता. रोग बरा होणारा नव्हता. इस्पितळाला खाट हवी होती. ह्याला कोठे ठेवता येईल, अशी त्यांनी चेशायर यांच्याकडे विचारणा केली. चेशायर यांनी पुष्कळ शोधले, पण मरणाऱ्या गरीब माणसाला घेणारे कोणी सापडले नाही. तेव्हा ते त्याला आपल्याच वाड्यात घेऊन आले.

मुलगी हे सांगत होती तेव्हा मी सासूबाईंकडे पाहिले नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिले नाही. सोळा दिवसांनंतर जिना चढवून त्यांना वर आणले ते दोघींना आठवले.

चेशायर यांना शुश्रूषेचे काही शिक्षण नव्हते. हाताखाली नर्स नव्हती, पैसा नव्हता. विमानदलातला हा नामांकित अधिकारी त्या डुकरे राखणाऱ्याचे अंग पुसू लागला, भांडे देऊ लागला, चादरी धुऊ लागला, रांधून भरवू लागला. रोग बरा व्हायचा नाही, हे खरे त्यांनीच आर्थरला सांगितले आणि त्यानंतर दोघांच्या मनावरचे ओझे हलके झाले. आर्थर अजून होता तोच एका अंथरुणावरच्या म्हाताऱ्या आजींसाठी विचारणा आली. एकाला घेतले, मग दुसरीला नाही कसे म्हणायचे? त्यांनाही आणले. आर्थर १९४८ च्या ऑगस्टमध्ये वारला. चेशायर शेवटपर्यंत त्याच्याजवळ होते. त्या मरणाने त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि त्याच वर्षीच्या नाताळात त्यांनी आर्थरचा कॅथलिक पंथ स्वीकारला. वाड्यात माणसे येतच राहिली. कोणी पांगळे, कोणी क्षयी, कोणी म्हातारे. चेशायर होमची सुरुवात ही अशी. कोणी ठराव केला नाही की कोनशिला बसवली नाही.

मैत्रिणींनो, आता मी तुम्हाला माझी एक गोष्ट सांगते. ती मी घरातही कोणाला सांगितलेली नाही. त्या उन्हाळ्यात एका दुपारी सासूबाईंची चादर मी तिसऱ्यांदा बदलली. पाणी गेले होते. बादलीत तळाशी तेवढे उरलेले. माझ्या तोंडून नको ते शब्द गेले. भांडे आपटून मी बाहेर पडले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. आतून त्या हाका मारत होत्या. मला ऐकू येत होत्या. अर्धा तास मी उठले नाही. जगात माझ्याएवढी दुष्ट बाई नसेल, असे त्या दिवशी वाटले, आणि त्याचबरोबर, हे माझ्याच वाट्याला का, असेही वाटले. दोन्ही एकदमच.

म्हणून चेशायर यांची गोष्ट ऐकताना मला आधी रागच आला. पुरुषाने एका रुग्णाची चादर धुतली तर त्याचे चरित्र होते. आपण जन्मभर धुतो, त्याचे काय होते? पण पुढे ऐकत गेले तसा राग ओसरला. एक तर त्यांनी हे काम कमी प्रतीचे मानले नाही. शंभर मोहिमांइतकेच, कदाचित त्याहून अधिक जोखमीचे मानले. आणि दुसरे असे, की ते एकटे करत बसले नाहीत. शेजारपाजारचे लोक, गावातल्या बायका, जुने सोबती, जो भेटेल त्याला त्यांनी कामाला लावले. मी जिन्यावर एकटी बसले होते. माझी चूक असेल तर ती ही, की तीन वर्षांत मी एकाही शेजारणीला हाक मारली नाही. घरातली गोष्ट दाराबाहेर कशी न्यायची, ह्या लाजेपायी.

१९५२ साली त्यांना स्वतःलाच क्षय झाला. दोन वर्षांहून अधिक काळ ते आरोग्यधामात पडून होते. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, फुप्फुसाचा भाग काढावा लागला. सेवा करणाऱ्याला सेवा घ्यावी लागली. तरी अंथरुणावरून पत्रे लिहून त्यांनी काम चालू ठेवले. बरे झाल्यावर ते आपल्याकडे आले आणि १९५६ साली अंधेरीत चेशायर होम उभे राहिले. ब्रिटनबाहेरचे हे पहिले. तेव्हा अंधेरी म्हणजे शेते आणि झाडी. आज आपल्या देशाच्या निरनिराळ्या भागांत अशी वीसहून अधिक घरे आहेत, आणि त्यांची सुरुवात आपल्या रस्त्यावर झाली.

आणखी एक नाते आपल्या मुंबईशी आहे. ५ एप्रिल १९५९ रोजी येथील होली नेम कॅथेड्रलमध्ये त्यांचे लग्न झाले. वधू सू रायडर. ह्या बाईंचे चरित्र स्वतंत्रपणे लिहावे एवढे मोठे आहे. महायुद्धात त्या स्वयंसेविका होत्या. युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्या निराधार लोकांसाठी, विशेषतः पोलंडच्या लोकांसाठी, स्वतः मोटार हाकत त्या युरोपभर फिरल्या आणि इंग्लंडमधील कॅव्हेंडिश गावी आपल्या आईच्या घरात त्यांनी आश्रम काढला. लग्नाच्या सुमारासच दोघांनी मिळून डेहराडूनला राफेल ही संस्था सुरू केली. महारोगी आणि मतिमंद मुले, ज्यांना कोणी जवळ करत नव्हते, त्यांच्यासाठी. संसार त्यांनी कॅव्हेंडिशच्या आश्रमातच लहानशा जागेत थाटला. तेथेच एक मुलगा, एक मुलगी वाढली.

एवढे चांगले काम, पण त्यातही एक काटा होता, तोही सांगायला हवा. ल कोर्टमध्ये राहणारे अपंग लोक पुढे बोलू लागले, की आम्हाला अन्नवस्त्र मिळते, पण कधी झोपायचे, कधी बाहेर जायचे, हे दुसरेच ठरवतात. आम्ही पांगळे आहोत, लहान मुले नव्हे. त्यांच्यातील पॉल हंट नावाच्या तरुणाने १९६६ साली अपंगांनी स्वतः लिहिलेल्या लेखांचे पुस्तक काढले आणि १९७२ साली वर्तमानपत्रात पत्र लिहून अपंगांची संघटना उभी करण्यास चालना दिली. आमच्या आयुष्याबद्दल आम्हाला विचारा, एवढेच त्यांचे मागणे. ब्रिटनमधील अपंगांच्या हक्कांची चळवळ पुष्कळशी तेथून वाढली.

हे ऐकले त्या रात्री दिवा मालवण्यापूर्वी सासूबाईंनी मला खुणेने जवळ बोलावले. काहीतरी सांगत होत्या. मला कळेना. मुलीने तीनचारदा विचारून ओळखले. त्यांची खाट मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, वारा लागू नये म्हणून. त्यांना दाराकडे तोंड करून हवी होती. येणारीजाणारी माणसे दिसावीत म्हणून. दीड वर्ष त्या भिंतीकडे पाहत पडल्या होत्या. मी त्यांचे सर्व केले, आणि एवढे मात्र विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट फिरवली. दार उघडे ठेवू लागलो तशा शेजारच्या काकू डोकावू लागल्या, मग समोरच्या वहिनी येऊन बसू लागल्या. मी तासभर बाजाराला, मंडळाला जाऊ लागले. पुढची दीड वर्षे त्यांनी दाराकडे पाहत काढली, आणि एका पहाटे शांतपणे गेल्या. त्या दुपारबद्दल मी त्यांची क्षमा मागितली होती. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला होता. अधिक काही लिहवत नाही.

चेशायर यांना १९८१ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा फार थोड्यांना मिळणारा मान मिळाला आणि १९९१ साली ते लॉर्ड झाले. पण शेवटी त्यांना असा आजार जडला, की शरीराचे स्नायू एकेक करून काम सोडतात. ज्यांच्यासाठी जन्म वेचला त्यांच्यातलेच ते एक झाले. ३१ जुलै १९९२ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, ते वारले. तेव्हा त्यांच्या नावाची घरे जगभरातील सुमारे पन्नास देशांत होती. सू रायडर बाई २००० सालच्या नोव्हेंबरात गेल्या.

चरित्र येथे संपले. आता मंडळापुढे माझी एक विनंती आहे. हळदीकुंकू, भोंडला, सहल हे सर्व आपण हौसेने करतो, आणि करावेच. पण आपल्याच चाळींतून, आपल्याच इमारतींतून, दार लोटून घेतलेल्या खोल्यांत किती जणी एकट्या चादरी बदलत असतील? आपल्या मंडळाने एक वही करावी. ज्या घरी अंथरुणावर माणूस आहे त्या घराचे नाव त्यात असावे, आणि आठवड्यातून एक दुपार, दोन तास, आपल्यापैकी कोणीतरी तेथे जाऊन बसावे. घरच्या बाईने तेवढ्यात झोपावे, बाजाराला जावे, नाहीतर नुसते गच्चीवर उभे राहावे. आणि जी बसेल तिने खाटेवरच्या माणसाला आधी विचारावे, की खाट कोणीकडे तोंड करून हवी.

वहीची पहिली दुपार, बुधवारची, माझ्या नावावर लिहून ठेवावी ही विनंती.

— आपली एक सभासद भगिनी